कापशी वाजते का?

या आठवड्याचं पत्र निपाणीहून आलंय. चार पानांचं आहे, म्हणून कामापुरतं देतो.

"सासऱ्यांचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. घरचे धरून सात माणसं. थोडा माल घरी होतो, थोडा अथणीकडच्या कारागिरांकडून येतो. लॉकडाऊनात दुकान बंद पडलं तेव्हा मी वेबसाइट काढली, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांत. आता महिन्याला तीस-चाळीस जोड तिच्यावरून जातात, त्यातले दोन-चार जर्मनीला नाहीतर हॉलंडला. गेल्या महिन्यात एक ईमेल आला. तुमची वेबसाइट अपंगांच्या कायद्याचा भंग करते, पाच लाख दंड होईल, तुरुंगही होईल, अमेरिकेत तर रोज खटले पडतायत. आमचं विजेट, म्हणजे वेबसाइटवर चिकटवायचा छोटा तयार प्रोग्राम, बसवा, वर्षाला ४५ हजार, एका दिवसात वेबसाइट कायद्यात बसवून देतो. मी घाबरले. त्याच आठवड्यात खानापूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना दिसत नाही, मोबाइल ऐकून वापरतात. म्हणाले, 'कापशी चप्पल घ्यायची होती. तासभर झटलो, पर तुमचं पान कायच बोलंना. आणि चालताना ती वाजती काय, हे कुठंच लिवलं न्हाई.' मी म्हटलं, बघून सांगते. सासरे म्हणतात, ज्याला दिसत नाही तो वेबसाइटवर बघून चप्पल काय घेणार? दुकानात येऊ दे की. आता पैसे भरू, का गप्प बसू?"

ताई,

पैसे भरू नका. गप्पही बसू नका.

तुम्ही पाठवलेला ईमेल मी दोनदा वाचला. त्यात कलमाचा आकडा नाही, तक्रार कुणी केली ते नाही, तुमच्या कुठल्या पानावर काय चुकलंय ते नाही. पैसे भरायची लिंक तेवढी ठळक निळ्या अक्षरांत आहे. हे विक्रीचं पत्र आहे. दिव्यांग आयुक्तांची नोटीस अशी येत नाही. तिच्यात तक्रारीचा क्रमांक असतो, तक्रारीची प्रत असते आणि तुमचं म्हणणं मांडायला मुदत असते. आपल्या बाजारात पूर्वी वजनकाट्याच्या नावाने घाबरवून पैसे उकळणारे फिरायचे, त्यांचीच ही पुढची पिढी. हातात पावतीपुस्तकाच्या जागी विजेट आलंय एवढंच.

पण घाबरवणारा लबाड निघाला म्हणून कायदा नाहीसा होत नाही. तो आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. आणि यात खासगी आस्थापनांची व्याख्याच दिली आहे: कंपनी, फर्म, सहकारी संस्था, ट्रस्ट, कारखाना सगळे तिच्यात येतात. कलम ४६ म्हणतं, सेवा देणारा सरकारी असो की खासगी, सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही सेवा वापरता यावी यासाठीचे, नियम निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत त्याने आपली सेवा त्या नियमांप्रमाणे द्यायची. नियम २०१७ मध्ये निघाले. २०२३ मध्ये त्यांत आयएस १७८०२ हे भारतीय मानक ब्युरोचं मानक आलं. वेबसाइट, ॲप, डिजिटल कागदपत्रं असं सगळं त्यात मोडतं.

पुढे सर्वोच्च न्यायालयात ही नियमावली अडली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्याचा निकाल लागला. न्यायालय म्हणालं, कायदा 'केलंच पाहिजे' म्हणतो आणि सुगम्यतेचा नियम १५ मात्र 'केलंत तर बरं' असल्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो, हे जुळत नाही. तो नियम कायद्याशी विसंगत ठरला आणि केंद्र सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे नियम आखायला सांगण्यात आलं. ३० एप्रिल २०२५ ला आणखी एक निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणांना बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता येत नव्हती. पापणीच जळालेली, मिटणार काय? तसंच एका अंध वकिलांचंही गाऱ्हाणं होतं. न्यायालयाने सांगितलं, डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते उघड आहे.

आता दंड. कलम ८९. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत. पुन्हा कायदा मोडला तर ५०,००० ते ५ लाख. ईमेलवाल्याने शेवटचा आकडा उचलून पहिल्या ओळीत टाकला. तुरुंग तर त्याने पदरचा घातलाय, कलम ८९ मध्ये तो नाही. आणखी एक गैरसमज तुमच्या कानावर येईल, म्हणून आधीच सांगतो: 'वीसपेक्षा कमी कामगार असले की हा कायदा लागत नाही' असं कुणीतरी सीए किंवा सीएचा भाचा म्हणेल. तो वीसचा आकडा समान संधी धोरणात काय काय लिहायचं त्याच्याबद्दल आहे. वेबसाइटशी त्याचा संबंध नाही.

आपल्या भागात कुठल्याही गोष्टीला पहिला प्रश्न ठरलेला: हे महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं? हा केंद्राचा कायदा आहे, कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच. पण अर्ज करायचा झाला तर निपाणीच्या दुकानाबद्दलचा अर्ज बेंगळुरूला, राज्य आयुक्तांकडे जातो. कागलचं दुकान असतं तर पुण्याला गेला असता. आयुक्त तक्रार वाचतात, दोन्ही बाजू ऐकतात, साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत, आणि मग काय सुधारायचं ते सांगतात. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, हा कायदा २०२४ पासून गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. हा दुसरा कायदा त्याच्या सात वर्षं आधीचा, आणि कुणाच्या गावी नाही. पाटी रस्त्यावरून दिसते, त्यामुळे असेल.

युरोपचं थोडक्यात. युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट २८ जून २०२५ पासून लागू झालाय आणि ग्राहकाला ऑनलाइन माल विकणं त्यात येतं. तुम्ही निपाणीत बसून विकलं तरी गिऱ्हाईक तिथलं, म्हणून तुम्हालाही तो प्रश्न पडणारच. पण सेवा देणाऱ्या अगदी छोट्या उद्योगांना त्यातून सूट आहे. दहापेक्षा कमी माणसं, आणि वर्षाची उलाढाल किंवा ताळेबंद २० लाख युरोंच्या आत. सात माणसं आणि तीस-चाळीस जोड, म्हणजे तुम्ही सुटलात. उद्या जर्मनीतल्या एखाद्या मोठ्या दुकानाने घाऊक ऑर्डर दिली आणि करारात ही अट टाकली, तर ती गोष्ट वेगळी. आणि तशी ऑर्डर आलीच तर आधी पेढे वाटा, अटींचं मागाहून बघू. अमेरिकेतला कायदा १९९० चा, एडीए. तेव्हा वेबसाइटवरची दुकानं नव्हतीच, म्हणून तो वेबसाइटला कितपत लागतो यावर तिथल्या न्यायालयांतच एकमत नाही. खटले खूप पडतात हे खरं. पण तुमचे जोड अमेरिकेला जातच नाहीत, तर ती भीती उगीच उसनी कशाला घ्यायची?

राहिलं ते विजेट. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं नाहीतर माणसाचं गोल चित्र येतं, त्यावर दाबलं की अक्षर मोठं होतं, रंग उलटे होतात. हे सगळं मोबाइलात आधीपासूनच असतं. ज्याला दिसत नाही त्याचा फोन आधीच बोलतोय, तुमच्या विजेटने वेगळं बोलायला लागून त्याला उलट त्रासच होतो. आणि फोटोत काय आहे, हे बटण कशाचं आहे, ही माहिती तुम्ही कोडात लिहिलेलीच नसेल तर विजेट ती आणणार कुठून? 'आमचं एआय विजेट कुठलीही वेबसाइट निकषांत बसवतं' असा दावा करणाऱ्या एका मोठ्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले, दावा फसवा होता म्हणून. भिंतीला ओल आली की आपण वरून कॅलेंडर टांगतो ना, तसलं काम आहे ते.

आता मामंजींच्या प्रश्नाकडे येतो. तो टाकाऊ नाही, पण त्यांनी तो उलट्या टोकाने धरलाय. चप्पल डोळ्यांनी कितीशी घेतात? मामंजी स्वतः कातडं हातात घेऊन वाकवतात, अंगठ्यात बोट घालून बघतात, तळ ठोकून बघतात. गिऱ्हाईक पायात घालून दोन पावलं टाकतं आणि आवाज ऐकतं. यात डोळ्याचं काम सगळ्यांत कमी. खानापूरच्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न जाणकाराचा आहे, आणि नेमकं त्याचंच उत्तर तुमच्या वेबसाइटवर नाही. 'दुकानात येऊ दे' म्हणणं सोपं. खानापूरहून बेळगाव, बेळगावहून निपाणी, दोन बस, बसस्टँडवर फलाट विचारत फिरायचं, आणि परत तेवढंच. ज्यांना दिसतं ती मंडळी याच त्रासाला कंटाळून तुमच्या वेबसाइटवर येतात. खानापूरच्या गृहस्थांना तर वेबसाइटची गरज जास्तच.

मी शहाणपणा शिकवतोय असं वाटू नये म्हणून माझंही सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी वेबसाइटी करायचो. एका संस्थेची केली होती. मराठी मजकूर खडेबाजारातल्या डीटीपीवाल्याकडून आला, जुन्या फॉन्टमधला. तो इंटरनेटवर नीट दिसेना, म्हणून मी सगळी पानं चित्रं करून चढवली. दिसायला देखणी. उद्घाटन झालं, शाल-श्रीफळही झालं. महिन्याभराने तिथल्याच एका अंध शिक्षकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "छान झाली म्हणतात. मला फक्त 'इमेज, इमेज, इमेज' ऐकू येतं." ती शाल मी अजून वापरलेली नाही.

काल रात्री तुमच्या वेबसाइटवर मी डोळे मिटून चप्पल विकत घ्यायचा प्रयत्न केला. तुम्हीही करा, घरातल्यांनाही करायला लावा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. चालू केलं की एक बोट उजवीकडे सरकवायचं, पुढची गोष्ट वाचून दाखवते. दोनदा टकटक केलं की ती दाबली जाते. आयफोनवर त्याचं नाव व्हॉइसओव्हर, आणि विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. बंद कसं करायचं ते मात्र चालू करण्याआधी बघून ठेवा. पहिल्यांदा मला बंद करता येईना, फोन स्वयंपाकघरात ओरडत राहिला आणि शेवटी बायकोने मुलाला हाक मारली.

तर काय ऐकू आलं? पहिल्या पानावर चपलेच्या फोटोच्या जागी फाइलचं नाव: "आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य दोन एक..." असं बारा आकड्यांपर्यंत. मग "बटण, लेबल नाही". पुन्हा "बटण, लेबल नाही". डोळे उघडून बघितलं तर एक बदामाचं चित्र आणि एक पिशवीचं. कापशीच्या पानावर किंमत ऐकू आली, बरं वाटलं. मापाचे चौकोन आले: सहा, सात, आठ, नऊ. आठवर टकटक केलं. निवडला गेला की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण निवडलेला चौकोन नुसता तांबडा होतो, बोलून काहीच सांगत नाही. मापाचा तक्ता म्हणजे वहीच्या पानाचा फोटो. पत्त्याच्या फॉर्मात "एडिट बॉक्स, एडिट बॉक्स, एडिट बॉक्स". कुठल्यात नाव, कुठल्यात पिनकोड, देव जाणे. अंदाजाने भरलं. पुढे जाईना. डोळे उघडले तेव्हा दिसलं, फोन नंबरच्या चौकटीभोवती लाल रेघ आली होती. काय चुकलं ते शब्दांत कुठेच नव्हतं. पैसे भरायच्या पानापर्यंत मी पोचलोच नाही. खानापूरच्या गृहस्थांचा तासभर कुठे गेला ते मला पंचवीस मिनिटांत कळलं.

भाषेची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती आपल्याकडची खास आहे आणि बेंगळुरू-पुण्याचे डेव्हलपर तिकडे बघत नाहीत. पानाच्या कोडात अगदी वर पान कुठल्या भाषेत आहे याची खूण असते. तुमची तिन्ही भाषांतली पानं 'इंग्रजी' अशी खूण घेऊन बसलीत, तयार साचा विकत घेतला की ती तशीच येते. मग फोनातला इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो आणि एक तर गप्प बसतो, नाहीतर एकेक अक्षर उच्चारत बसतो. "तुमचं पान कायच बोलंना" म्हणाले ते यामुळेही असेल. मराठीच्या पानाला मराठीची, कन्नडच्या पानाला कन्नडची खूण लावायला डेव्हलपरला पाच मिनिटं पुरतात. मराठीसाठी हिंदीची खूण लावून वेळ मारून नेऊ नका. लिपी एकच, पण हिंदी आवाज 'चामडं' आणि 'जोडा' आपल्यासारखे म्हणत नाही, 'च' आणि 'ज' हिंदीतले काढतो. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की इथे कुणी लक्ष दिलेलं नाही. आणि एका पानात दोन भाषा असल्या, उदाहरणार्थ कन्नड पानात कारागिराचं मराठी वाक्य, तर तेवढ्या वाक्याला वेगळी खूण लागते.

कन्नड पानावरचा मजकूर तर सगळा चित्रात आहे. नुडी या जुन्या कन्नड फॉन्टमध्ये टाइप केलेला असणार, मग फोटो काढून चिकटवलेला. मी केलेलं पापच. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला अक्षरं म्हणून वाचता येतील असा, पुन्हा टाइप करून घ्या. त्याचा दुसरा फायदा मामंजींना सांगा म्हणजे ते पटकन पैसे देतील: चित्रातला मजकूर गूगललाही नीट वाचता येत नाही. अथणीत बसून कन्नडमध्ये चप्पल शोधणाऱ्याला तुमचं दुकान सापडत नसेल, त्यामागे हेही आहे.

फोटोंच्या वर्णनाबद्दल थोडं सविस्तर, कारण ते डेव्हलपरचं काम नाही, तुमचं आहे. प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची सोय असते, तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. तिथे 'सुंदर कोल्हापुरी चप्पल' लिहू नका, सुंदर आहे की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल. 'फोटो' हा शब्दही नको, तो फोन आपणच म्हणतो. फोनवर गिऱ्हाईकाला सांगता तसं लिहा: 'कापशी, दोन्ही बाजूंना कान, मधल्या पट्टीवर चामड्याची वेणी, रंग गडद तपकिरी, टाच अर्धा इंच.' दुसऱ्या फोटोत तळ दिसत असेल तर तळाचंच सांगा, किती पदरी आहे, शिवण कशी आहे. आणि खाली वर्णनात ज्या गोष्टी फोटोत येतच नाहीत त्या: जोडाचं वजन, कातडं सुरुवातीला किती कडक, किती दिवसांत पायाला बसतं, तेल लावून देता का, आणि हो, वाजते का. हे लिहायला बसाल तेव्हा मामंजींना शेजारी बसवा. तुम्ही जोड त्यांच्या हातात द्या, ते बोलतील तसं टाइप करा. जीआय मानांकनात कोल्हापुरी चपलेला सीमेच्या दोन्ही बाजूंचे चार-चार जिल्हे मिळालेत, आपला बेळगाव त्यात आहे. पण चपलेबद्दल आपल्या बाजूने, आपल्या बोलीत लिहिलेलं इंटरनेटवर फारसं काही सापडत नाही. तुमच्या या ओळी अंध गिऱ्हाईकाइतक्याच जर्मनीतल्या डोळस गिऱ्हाईकालाही उपयोगी पडतील. त्यालाही चप्पल हातात घेता येत नाहीच.

डेव्हलपरला सांगायची कामं. सगळ्यांत आधी विकत घेण्याचा रस्ता: माप निवडल्याचं शब्दांत कळलं पाहिजे, फॉर्मातल्या प्रत्येक चौकटीला तिचं नाव बांधलेलं हवं, चूक झाली तर 'फोन नंबरात दहा आकडे हवेत' असं वाक्य यायला हवं आणि फोनने ते वाचायला हवं. चित्रांच्या बटणांना नावं. माऊस न लावता नुसत्या टॅबच्या बटणाने सुरुवातीपासून पैसे भरेपर्यंत जाता आलं पाहिजे. मापाचा तक्ता खऱ्या तक्त्यात टाइप केलेला. फिक्या पिवळ्या कागदी रंगावर सोनेरी अक्षरं तुम्ही हौसेने घेतलीत, ती काढा. साध्या अक्षरांचा रंग आणि मागचा रंग यांतला फरक किमान ४.५ ला १ हवा असा निकष आहे आणि तो मोजणारी फुकट साधनं आहेत. मामंजींना त्यांचा चष्मा न लावता ते पान दाखवा, साधन लागणारच नाही. कारागिराचा व्हिडिओ फार चांगला आहे, त्याला खाली अक्षरं द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, आणि बसमध्ये आवाज बंद करून बघणाऱ्या सगळ्यांसाठी. पैसे भरायचं पान तुमचं नाही, पेमेंट कंपनीचं आहे, तिथे अडलं तर त्यांना लेखी कळवा आणि कळवल्याचा ईमेल जपून ठेवा.

डेव्हलपरने हे सगळं ऐकून "नवीन वेबसाइटच करावी लागेल" म्हटलं तर दुसऱ्याला विचारा. फार तर तीन-चार दिवसांचं काम आहे. पुढच्या प्रत्येक कामाच्या करारात मात्र एक ओळ घाला: काम डब्ल्यूसीएजी २.१ च्या एए पातळीत बसलं पाहिजे. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष. आयएस १७८०२ चाही वेबपुरता पाया तोच आहे, म्हणून दोन्हीकडे चालतं. क्रोममध्ये लाइटहाउस नावाची तपासणी आहे, ती चालवा, पण शंभर गुण आले म्हणून नाचू नका. फोटोमागे काहीतरी लिहिलंय एवढंच तिला कळतं. चपलेच्या फोटोमागे 'गणपती' लिहिलंत तरी ती गुण देते.

शेवटी एक छोटं पान जोडा: कोणत्या गोष्टी नीट चालतात, कोणत्या अजून राहिल्यात, अडलं तर कुणाला फोन करायचा. '१०० टक्के कायदेशीर' असलं काही त्यावर नको. फोनवर, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेता ते चालू ठेवा, पण 'तुम्ही फोनच करा की' हे वेबसाइट दुरुस्त न करायचं निमित्त होऊ देऊ नका. रात्री अकराला तुम्ही फोन उचलणार नाही. वेबसाइटवरून डोळस गिऱ्हाईक तेव्हाच माल घेतं.

ईमेलवाल्याला उत्तर द्यायची गरज नाही. द्यायचंच असेल तर एवढं विचारा: माझ्या कुठल्या पानावर, कुठल्या निकषात, काय चुकलं? परत ईमेल येणार नाही.

आता खानापूरचे गृहस्थ. त्यांना तुम्ही 'बघून सांगते' म्हणालात त्याला किती दिवस झाले? त्यांना बेंगळुरूला अर्ज टाकता आला असता. त्यांनी दुकानाला फोन केला, म्हणजे त्यांना चप्पलच हवी आहे. आजच फोन करा. जोड फोनवर घ्या आणि पाठवा. मग विचारा, वेबसाइट दुरुस्त झाली की एक तास बसून तपासून द्याल का, आणि त्या तासाचे पैसे द्या. चपलेत सूट देऊन भागवू नका, कामाचे रोख द्या. ४५ हजारांच्या विजेटपेक्षा त्यांचा तो तास तुम्हाला जास्त सांगेल.

पण हे सगळं बोलायच्या आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देणं बाकी आहे. आठ नंबरची कापशी पायात घाला, फोन हातात खाली धरा, आणि दुकानातल्या फरशीवर चार पावलं चाला.